वीस बाय वीसचा डोळा



मॅगझिनसाठी साहित्य द्या अशी नोटीस मेसच्या दारावर लागली, तेव्हा मी फायनल इयर प्रोजेक्टच्या आठवणी लिहायचं ठरवलं होतं. रात्रीचा चहा, ग्रुपमधली भांडणं, सबमिशनची पळापळ... असा एक लेख दरवर्षी असतोच! पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की आमच्या प्रोजेक्टची गोष्ट सांगायची तर आधी एका वेगळ्याच माणसाची गोष्ट सांगायला हवी. हा माणूस १९७१ साली वारला. त्याचं नाव फ्रँक रोझेनब्लॅट.

नाव तुम्ही ऐकलेलं असणार. न्यूरल नेटवर्कच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्याच प्रकरणात तो भेटतो. पर्सेप्ट्रॉनचा जनक, दोन मार्कांचा प्रश्न. आपण पाठ करतो आणि पान उलटतो. मीही तेच केलं होतं.

आमचा विषय होता ड्रोनने वरून काढलेल्या फोटोंतल्या बारीक वस्तू ओळखणं, आणि तेही अगदी लहान न्यूरल नेटवर्क वापरून. लहान का, तर ड्रोनवर मोठा कॉम्प्युटर चढवता येत नाही. वजन वाढतं, बॅटरी संपते. विषय सुचवला माझ्या रूम पार्टनरने. तो सांगलीकडचा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्याचे आजोबा रात्रभर घराच्या पत्र्यावर बसून होते. वरून पाहणाऱ्याला पत्र्यावरचा माणूस केवढा दिसेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून होता.

उत्तर सोपं आहे, पण मन खट्टू करणारं आहे. आम्ही चीनच्या तिआनजिन विद्यापीठातल्या गटाने तयार केलेला व्हिजड्रोन नावाचा चित्रसंच वापरला. त्यातली काही चित्रं २,००० पिक्सेल रुंद आहेत आणि त्यात चालणारा माणूस जेमतेम २० पिक्सेलचा. आमचं नेटवर्क चित्र आधी ६४० पिक्सेलपर्यंत आक्रसून घेतं, म्हणजे माणूस राहिला ६ पिक्सेलचा. मोटारी आणि बस झकास ओळखल्या जायच्या. माणूस मात्र सापडला तर सापडला.

आणि मग आम्ही ती गोष्ट केली. वायवाला चार दिवस राहिले होते. रात्री दोनच्या सुमारास आमच्यापैकी एकाने (नाव कशाला, मीच तो) प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. ठराविक आकारापेक्षा लहान चौकटी तपासणीत धरायच्याच नाहीत. बस्स! अचूकतेचा आकडा एकदम वर चढला. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या आणि चहाला गेलो. रूम पार्टनर मात्र आला नाही, झोप येतेय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाईड सरांना रिपोर्ट दाखवला. सरांनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि एकच गोष्ट विचारली, आमच्या नेटवर्कचा शेवटचा थर केवढा आहे? मी म्हणालो, वीस बाय वीस. ६४० ला ३२ ने भागलं की २०. सर हसले. म्हणाले, जगातल्या पहिल्या शिकणाऱ्या डोळ्याचा आकारही तेवढाच होता, तो कुणी केला आणि पुढे काय झालं ते वाचून ये. काय करणार, लायब्ररी गाठली. आधी वाटलं सर वेळ घालवतायत. पण वाचत गेलो तसा अडकत गेलो.

तर आता रोझेनब्लॅटची गोष्ट. मी त्याला अरे-तुरे करतोय, कारण त्याने हे सगळं केलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता. आपल्याकडच्या एखाद्या तरुण लेक्चररएवढा.

फ्रँकचा जन्म ११ जुलै १९२८ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावचा. तो ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स या शाळेत शिकला. त्याच शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे मार्विन मिन्स्की नावाचा मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

फ्रँक कॉर्नेल विद्यापीठात गेला. १९५० मध्ये पदवी आणि १९५६ मध्ये पीएच.डी. विषय कुठला असेल? इलेक्ट्रॉनिक्स नाही, गणित नाही. मानसशास्त्र! आपल्या ब्रँचवाल्यांना हा मोठाच धक्का आहे. माणसांच्या स्वभावाचं मोजमाप करायला त्याने ६०० प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांना पैसे देऊन ती भरून घेतली. मग उत्तरांची आकडेमोड करायला त्याने स्वतःच एक यंत्र बनवलं. त्याचं नाव ईपॅक. सगळी आकडेमोड मिळून झाली सुमारे २५ लाख क्रियांची. यंत्र कमी पडलं म्हणून आयबीएमच्या यंत्राचीही मदत घ्यावी लागली.

इथे मी पुस्तक मिटून जरा हिशोब केला. २०२३ च्या जानेवारीत आलेलं योलो-८ चं सगळ्यात छोटं, म्हणजे नॅनो, मॉडेल घ्या. त्यात सुमारे ३२ लाख वजनं आहेत आणि ६४० च्या एका चित्रासाठी ते साधारण ८७० कोटी क्रिया करतं. म्हणजे ज्याला आपण अगदी हलकंफुलकं नेटवर्क म्हणतो, ते एक फोटो पाहायला रोझेनब्लॅटच्या अख्ख्या पीएच.डी.च्या साडेतीन हजार पट आकडेमोड करतं! आणि एवढं करून पत्र्यावरचा माणूस सुटतोच. असो.

पीएच.डी.नंतर तो बफेलो शहरातल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत कामाला होता. विमानांवर संशोधन करणारी ही प्रयोगशाळा. तिथे १९५७ मध्ये त्याने एक अहवाल लिहिला आणि १९५८ मध्ये सायकॉलॉजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात त्याचा लेख आला. कल्पना अशी: मेंदूला कुणी प्रोग्रॅम लिहून देत नाही. लहान मूल चुकत चुकत शिकतं. मग यंत्रालाही चुकत चुकत शिकता का येऊ नये?

त्याची रीत आज आपण चार ओळींत लिहितो. प्रत्येक इनपुटला एक वजन द्यायचं. वजनं गुणून बेरीज करायची. बेरीज ठराविक आकड्याच्या वर गेली तर उत्तर हो, नाहीतर नाही. उत्तर बरोबर आलं तर काही हलवायचं नाही. चुकलं तर वजनं थोडी बरोबर दिशेला सरकवायची. पुन्हा चित्र दाखवायचं, पुन्हा पाहायचं. आणि त्याने हे सिद्धही केलं, की दोन गटांना वेगळं करणारी सरळ रेषा मुळात असेल, तर ही रीत मोजक्या पायऱ्यांत अशी रेषा शोधतेच.

१९५८ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनला हवामान खात्याच्या आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर त्याने हे करून दाखवलं. काही कार्डांवर खूण डावीकडे, काहींवर उजवीकडे. सुमारे पन्नास प्रयत्नांत यंत्र आपणहून डावं-उजवं ओळखायला शिकलं. आज फर्स्ट इयरची पोरंही हसतील. पण तेव्हा हा चमत्कार होता.

आणि इथेच घोटाळा झाला. नौदलाच्या पैशावर काम चाललेलं, त्यामुळे पत्रकार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय छापून आलं? हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखी यंत्रं बनवेल आणि त्याला स्वतःची जाणीवही असेल! डावं-उजवं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल हे! त्यावेळी तो तीस वर्षांचाही झाला नव्हता, वाढदिवस तोंडावर आला होता. तरुण माणूस, पुढे माइक, समोर पत्रकार. त्याच्या तोंडून उत्साहाच्या भरात चार शब्द जास्त गेले असतील. चढलेला आकडा पाहून टाळ्या देणारे आम्ही त्याला काय नावं ठेवणार?

यानंतर त्याने आणि चार्ल्स वाइटमन वगैरे सहकाऱ्यांनी खरंखुरं यंत्र बांधलं, मार्क वन पर्सेप्ट्रॉन. २३ जून १९६० ला ते लोकांसमोर चालवून दाखवलं गेलं. यंत्राला डोळा होता. वीस ओळी आणि वीस रांगा, अशा ४०० फोटोसेलचा. म्हणजे आजच्या भाषेत ४०० पिक्सेलचा कॅमेरा. डोळ्यामागे ५१२ घटक, आणि डोळ्यापासून त्यांच्यापर्यंतच्या तारा वाटेल तशा, पत्ते पिसल्यासारख्या जोडलेल्या. शेवटी उत्तर देणारे ८ घटक. आणि वजनं? ती म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे पोटेन्शिओमीटर. ते फिरवायला विजेच्या मोटारी. यंत्राचं उत्तर चुकलं की मोटारी कुरकुरत फिरायच्या आणि बटणं सरकायची. विचार करा, ट्रेनिंग चालू आहे हे कानांनी ऐकू येत होतं! आपण आज रात्री लॅपटॉपवर ट्रेनिंग लावून झोपतो तेव्हा फक्त पंखा ऐकू येतो.

आता सरांच्या प्रश्नाचा धागा मला सापडला. १९६० ते १९६४ या काळात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या फोटो विभागाने मार्क वनचा अभ्यास केला. कशासाठी? विमानातून काढलेल्या फोटोंत जहाजं आणि विमानांच्या आकृत्या यंत्राला ओळखता येतात का, हे पाहण्यासाठी. म्हणजे आमचा प्रोजेक्ट! साठ वर्षांपूर्वी, वीस बाय वीसच्या डोळ्याने, उंचावरून काढलेल्या फोटोवर!

पण फरक पाहा. जहाजाची आकृती ४०० फोटोसेलच्या डोळ्यासमोर मोठी करून धरली, तर ती ओळखणं वेगळं. आणि पसरलेल्या समुद्राच्या फोटोत जहाज मुळात कुठे आहे हे शोधणं वेगळं. वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी करणं ही पहिली अडचण. ती आमचीही होती. आमच्या नेटवर्कच्या शेवटच्या थरातही ४००च घरं, आणि प्रत्येक घरात मूळ चित्राचा ३२ बाय ३२ चा चौकोन कोंबलेला. त्या चौकोनात ६ पिक्सेलचा माणूस म्हणजे आमटीच्या पातेल्यात एक मोहरी. थरामागून थर सरासरी काढत गेले की तो विरघळून जातो.

रोझेनब्लॅटला हे कळलं होतं का? मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. १९६२ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघालं, प्रिन्सिपल्स ऑफ न्यूरोडायनॅमिक्स. त्यात त्याने आधी वर्तमानपत्रांच्या अतिउत्साहाबद्दल नाराजी व्यक्त केली आणि आपला हेतू हुशार यंत्र विकण्याचा नसून मेंदू समजून घेण्याचा आहे, हे स्पष्ट केलं. आणि पुढे आपल्या यंत्राला काय जमत नाही तेही लिहून ठेवलं. गुंतागुंतीच्या चित्रात वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी करणं त्याला जमत नाही. चित्रातल्या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, हे ओळखणं जमत नाही. जास्त थर घातले तर शेवटच्या चुकीचा दोष मागच्या थरांना कसा वाटायचा, यावरही त्याने एक प्रकरण लिहिलं. चूक उलटी मागे पाठवायची ही कल्पना त्यात आहे. ती नीट चालवण्याची रीत मात्र त्याला गवसली नाही.

म्हणजे बघा, १९५८ मध्ये जग त्याच्या यंत्राला डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि चार वर्षांत तो स्वतःच त्याच्या उणिवांची यादी छापत होता. आमच्या रिपोर्टमध्ये अशी यादी नव्हती. ती ओळ मात्र होती.

आता शाळेतला तो दुसरा मुलगा. मार्विन मिन्स्की एव्हाना मोठा शास्त्रज्ञ झाला होता. त्याने आणि सेमूर पेपर्ट यांनी १९६९ मध्ये पर्सेप्ट्रॉन्स नावाचं पुस्तक लिहिलं. साध्या पर्सेप्ट्रॉनला काय जमणार नाही, याच्या त्यात गणिती सिद्धता होत्या. त्यातली सोपी गोष्ट आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात आहे. जिन्यातला दिवा खालच्या स्विचने लागतो आणि वरच्यानेही विझतो. दोन्ही स्विच एकाच बाजूला असले तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असले तर चालू. आता कागदावर या चार शक्यतांचे चार ठिपके काढा आणि चालूचे दोन एकीकडे, बंदचे दोन दुसरीकडे राहतील अशी एकच सरळ रेषा मारून दाखवा. नाही जमत ना? दोन स्विच सरळ जोडलेल्या एका थराच्या पर्सेप्ट्रॉनलाही जमत नाही. मध्ये एक थर लागतो, आणि तो शिकवायचा कसा हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं.

मिन्स्की आणि पेपर्ट यांचं गणित बरोबर होतं. पण लोकांनी त्यातून घेतला तो अर्थ असा, की न्यूरल नेटवर्कमध्ये दमच नाही. पैसा आटला, विषय मागे पडला. ज्याचा इतका उदो उदो झाला, त्याच्याकडे आता कुणी पाहीना. जास्त बोललेल्या शब्दांचं व्याज असं भरावं लागलं. आणि ते एकट्या रोझेनब्लॅटने नाही, अख्ख्या विषयाने भरलं.

मग रोझेनब्लॅट काय करत बसला? रडत नक्कीच बसला नाही! खरं तर तो त्याआधीच पुढे गेला होता. कॉर्नेलमध्ये मेंदूच्या कार्यपद्धतीवरचा त्याचा कोर्स लोकप्रिय होता. इंजिनिअरिंगची आणि आर्ट्सची पोरं एका बाकावर बसून तो ऐकायची. आवाज ओळखणारं टोबरमोरी नावाचं चार थरांचं यंत्र त्याच्या गटाने बरीच वर्षं खपून बांधलं. तयार होईपर्यंत साधे कॉम्प्युटर इतके वेगवान झाले, की तेच काम त्यांच्यावर लवकर व्हायला लागलं. (प्रोजेक्ट पुरा होईतो टेक्नॉलॉजी जुनी होण्याचं दुःख आपल्यालाच आहे असं समजू नका.) तो पियानो वाजवायचा, एमजी स्पोर्ट्‌स कार चालवायचा. १९६८ च्या निवडणुकीत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थींच्या प्रचारातही उतरला होता.

त्याला आकाशाचं वेडही लागलं. ३,००० डॉलरची दुर्बीण घेतली. ती इतकी मोठी, की ठेवायला जागा नाही! मग इथाकाजवळ ब्रूकटनडेलला मोठं घरच घेतलं, विद्यार्थ्यांना तिथे राहायला बोलावलं आणि घरामागच्या टेकडीवर सगळे मिळून वेधशाळा बांधू लागले. दिवसा टोबरमोरी, रात्री वेधशाळा. हॉस्टेलच म्हणा ना.

त्या वेडातून १९७१ मध्ये इकॅरस या नियतकालिकात त्याचा एक लेख आला. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कसे शोधायचे? तेव्हा असा एकही ग्रह माहीत नव्हता. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. किती? दुरून कुणी आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना पाहिली, तर दहा हजार भागांतला एक भागसुद्धा नाही. आपल्या वातावरणामुळे तारा लुकलुकतो, त्यात हे हरवून जाणार. रोझेनब्लॅटने सुचवलं, की प्रकाश दोन रंगांत मोजा. ताऱ्याच्या कडेचा रंग मधल्यापेक्षा थोडा वेगळा असतो. म्हणून ग्रह कडेवरून मध्ये सरकताना रंगात ठराविक बदल व्हायला हवा, आणि लुकलुकणं दोन्ही रंगांत सारखं असल्याने वजा होईल.

हे वाचलं आणि मी थबकलो. पसाऱ्यात हरवलेला बारीकसा ठिपका शोधणं, हाच प्रश्न. वीस बाय वीसच्या डोळ्याला जो प्रश्न पेलला नाही, त्याची दुसरी बाजू त्याने आकाशात धरली होती.

त्याच सुमारास तो उंदरांवरही प्रयोग करत होता. शिकवलेल्या उंदराच्या मेंदूतला अर्क न शिकलेल्या उंदराला टोचला, तर शिकवण जाते का? तेव्हा काहींनी हो, भरपूर जाते, असे निष्कर्ष छापले होते. (तसं असतं तर टॉपरचा अर्क काढायला सबमिशनच्या आठवड्यात रांग लागली असती!) रोझेनब्लॅटने काही वर्षं घालून काळजीपूर्वक प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की आधीचे मोठे निष्कर्ष चुकीचे होते. परिणाम असलाच तर अगदी नगण्य. आयुष्यातली वर्षं खर्च करून हाती काय, तर एक नकार. आणि तो त्याने छापला.

११ जुलै १९७१. त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस. चेसापीक उपसागरात शिडाच्या होडीतून फिरताना अपघात झाला आणि रोझेनब्लॅट गेला. तेव्हा त्याचं पर्सेप्ट्रॉन जवळजवळ थट्टेचा विषय होतं, आणि त्याचा ग्रहांवरचा लेख नुकता कुठे छापून आला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी चूक उलटी मागे पाठवून अनेक थर शिकवता येतात हे नीट दाखवलं. २०१२ मध्ये अॅलेक्सनेटने चित्रं ओळखण्याची स्पर्धा जिंकली आणि सगळं जग याच रस्त्याला लागलं. २००४ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने रोझेनब्लॅटच्या नावाने पुरस्कार सुरू केला. आणि त्याचे ग्रह? २००९ मध्ये केप्लर ही अंतराळ दुर्बीण ताऱ्यांचा प्रकाश कमी होताना टिपायला वर गेली आणि २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंतच्या तिच्या नोंदींतून २,६०० हून जास्त ग्रह सापडले. या वाटेने आधी विचार करणाऱ्यांत त्याच्या १९७१ च्या लेखाचं नाव घेतलं जातं. मार्क वन आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

आता आमचं काय झालं ते सांगतो. लायब्ररीतून आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. रूम पार्टनर खिडकीत बसला होता. मी काही न बोलता लॅपटॉप उघडला आणि ती ओळ काढून टाकली. आकडा धाडकन खाली आला. त्याने वळून पाहिलं, आणि खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

उरलेल्या तीन दिवसांत जेवढं जमलं तेवढं केलं. वरून दिसणाऱ्या चित्रात मोठ्या वस्तू जवळजवळ नसतातच, म्हणून वीस बाय वीसचा शेवटचा थर काढला आणि त्याच्याऐवजी सुरुवातीच्या थरांतून १६० बाय १६० ची जाळी घेतली. तिच्या एका घरात ४ बाय ४ पिक्सेल, म्हणजे आमचा ६ पिक्सेलचा माणूस एका घरातही मावत नाही. तो आता विरघळत नाही! बारीक जाळीमुळे आकडेमोड वाढली. ती कमी करायला २०१७ च्या मोबाइलनेटमधली युक्ती वापरली. प्रत्येक चॅनेलवर आधी वेगळी तीन बाय तीनची चाळणी फिरवायची आणि मग एक बाय एकने सगळं मिसळायचं. त्या थरांचा खर्च आठ-नऊ पटीने उतरतो. चित्राचे तुकडे करून एकेक पाहण्याचाही उपाय होता, पण २,००० बाय १,५०० च्या चित्राचे १२ तुकडे होतात आणि काम बारा पट वाढतं. ड्रोनवरच्या बोर्डाला ते झेपेना.

माणसं पूर्वीपेक्षा जास्त सापडायला लागली. सगळी नाही. रिपोर्टमध्ये लहान, मध्यम, मोठ्या वस्तूंचे आकडे वेगवेगळे दिले आणि शेवटचं पान घातलं, आमच्या नेटवर्कला काय दिसत नाही याचं. झाडाखालचा माणूस. सावलीतला माणूस. गर्दीत एकमेकांना चिकटलेली माणसं. यादी लांबलचक झाली.

वायवाला एक्स्टर्नलनी पहिले आकडे चाळले, काही बोलले नाहीत. शेवटच्या पानावर मात्र थांबले आणि पुढची वीस मिनिटं फक्त त्यावरच विचारत राहिले. घाम फुटला, पण उत्तरं देता आली, कारण लपवायला काही नव्हतं. मार्क बरे पडले. फार नाही. पण ड्रोन खरोखर पुरावर उडाला, तर त्याच्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे माणसाने स्वतः डोळे घालून पाहायचं, हे त्या पानावरून तरी कळेल.

ज्युनिअर मंडळींनो, पुढच्या वर्षी तुमचाही आकडा कमी येईल आणि रात्री दोनला तुम्हालाही अशी एखादी ओळ सुचेल. त्यावेळी जिन्यात जा, दिवा दोनदा लावा-विझवा, आणि त्या वीस बाय वीसच्या डोळ्याच्या माणसाची आठवण काढा. मग परत येऊन शेवटचं पान लिहायला घ्या.